मी गेलो की शंभर, परतलो की अठ्ठावीस

“किती दाखवतंय?”

“अठ्ठावीस.”

“अजून?”

“अजून अठ्ठावीसच, काका. मघाशी एकदा एकोणतीस झालं होतं, तेवढाच काय तो आनंद.”

मी घाटकोपरला माझ्या दुकानात बसलो होतो आणि मानसी भांडुपला तिच्या घरी. तिच्या कॉम्प्युटरचा स्क्रीन रिमोटने माझ्यासमोर उघडा होता, म्हणजे ती जे बघत होती तेच मीही बघत होतो. तरी तिला सारखं विचारत होतो. दुसरं करण्यासारखं काही सुचत नव्हतं, हे खरं कारण.

आदल्याच दिवशी मी तिच्या घरी जाऊन आलो होतो. माझ्यादेखत हाच कॉम्प्युटर तासभर शंभर टक्क्यांवर पळाला होता. तिच्या सासूबाईंच्या हातचा चहा घेऊन, “आता काही होणार नाही” असं छातीठोकपणे सांगून मी निघालो होतो. आणि आज हा ठोंब्या परत अठ्ठावीसवर.

आधी हे अठ्ठावीस म्हणजे काय ते सांगतो. कॉम्प्युटरमध्ये टास्क मॅनेजर नावाची एक खिडकी उघडता येते. प्रोसेसर, म्हणजे त्याचा मेंदू, किती राबतोय ते ती टक्क्यांत दाखवते. तुम्ही नुसते मेल वाचत असाल तर आकडा पाच-दहाच्या आसपास असतो आणि तो तसाच असावा. मानसीचं काम वेगळं. ती दागिन्यांची डिझायनर. मरोळच्या एका एक्स्पोर्ट कंपनीसाठी ती स्क्रीनवर अंगठ्या, कानातली, पेंडंट काढते. दागिना अजून घडलेला नसतो, पण परदेशातल्या गिऱ्हाइकाला तो हुबेहूब फोटोसारखा दाखवायचा असतो. तसं चित्र कॉम्प्युटरकडून तयार करून घेणं, याला रेंडर म्हणतात. हिऱ्याच्या प्रत्येक पैलूवर उजेड कसा पडेल याचा हिशोब प्रोसेसर करत बसतो. त्यामुळे रेंडर लावला की त्याने शंभर टक्क्यांना जाऊन तिथेच ठाण मांडायला हवं. मानसीचा अठ्ठावीसला अडकायचा. अर्ध्या तासाची अंगठी अख्खी दुपार खायची.

बरं, तो काम टाळत होता असंही नाही. स्पीड बघितला तर नेहमीच्या एक चतुर्थांशावर आलेला. टास्क मॅनेजर पूर्ण स्पीडच्या हिशोबाने टक्के मांडतो, म्हणून आकडा अठ्ठावीस. गॅस पेटलेला आहे, भांडं वर चढवलेलं आहे, पण बटण कुणीतरी सिमवर करून ठेवलंय, असा प्रकार. कोण करतंय, एवढंच शोधायचं होतं.

मानसी तिशीतली मुलगी. पहिल्याच दिवशी तिने मला काका करून टाकलं, मग मीही अहो-जाहो सोडून दिलं. तिच्या कंपनीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम माझ्याकडे आहे. घरून काम करणाऱ्यांच्या घरच्या मशिनी बघणंही त्यात आलं. तिथले मॅनेजर केतनभाई. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या डोक्यावर गिऱ्हाईक बसलेलं असतं आणि ते आपल्या डोक्यावर बसतात.

त्याच सकाळी त्यांचा फोन आला होता.

“साटमभाई, मानसीच्या मशीनचं काय ते एकदाच सांगा. होणार की नाही होणार?”

“होणार. फॉल्ट पकडीत येत नाहीये फक्त.”

“शुक्रवारी पाच वाजता बायरला पूर्ण सेट दाखवायचाय. पाचपर्यंत रेंडर नाही आले, तर सोमवारपासून तिने मरोळला येऊन बसायचं. इथे मशीन रिकामं आहे.”

“अहो, तिच्या घरी अडचण आहे.”

“माहीत आहे मला. म्हणून तर एवढे महिने सांभाळलं ना? आता माझ्यावर येतंय.”

अडचण अशी होती की मानसीचे सासरे, आबा, लकवा मारल्यापासून अंथरुणाला खिळलेले. उजवी बाजू पार गेलेली. त्यांना कुशीवर वळवायचं, उठवून बसवायचं, खालचं बदलायचं, तर दोन माणसं लागायची. सासूबाई, म्हणजे माई, एकट्या ते करूच शकत नव्हत्या. मानसीचा नवरा नाशिकला प्लांटवर, शनिवार-रविवारी यायचा. दिवसभराची बाई नव्हती. परवडेना म्हणून नव्हे, तर दोनदा ठेवून बघितली आणि दोन्ही वेळा आबांनी जेवण सोडलं. म्हणजे मानसी मरोळला गेली तर आबांना हलवणार कोण? नाही गेली तर नोकरी गेली. हे सगळं त्या अठ्ठावीस आकड्यावर येऊन ठेपलं होतं.

मला ते माहीत होतं म्हणून माझा जीव जास्त वरखाली होत होता. जेवताना बायको म्हणाली, “भात जेवताय की तपासताय?” तिला काय सांगू?

आमच्या धंद्यात पूर्ण बंद पडलेली मशीन सगळ्यात सोपी. ती खोटं बोलत नाही. जी मशीन इंजिनियरसमोर शहाण्यासारखी वागते आणि त्याची पाठ वळली की रडायला लागते, ती डोक्याला शॉट लावते. मानसीची मशीन या दुसऱ्या जातीची होती. पहिल्या खेपेला मी गेलो तेव्हा सॉफ्टवेअरचं सगळं बघितलं. वीज वाचवण्याच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरला लगाम घालायची सोय असते. ती तपासली, लगाम नव्हता. मागच्या दाराने कुणी व्हायरस घुसवलाय का, बघितलं. नव्हता. मग कॅबिनेट उघडून धूळ उडवली.

त्यांच्या घराची रचना सांगायला हवी. भांडुप पश्चिमेला चढावर बिल्डिंग, वन बीएचके. हॉलचे प्लायवूडच्या पार्टिशनने दोन भाग केलेले, जाण्यायेण्याच्या जागेला पडदा. अलीकडे मानसीचं टेबल, मॉनिटर, खुर्ची. पलीकडे आबांची कॉट. टेबल इतकं अरुंद की कॅबिनेट ठेवायला जागाच नाही, म्हणून तिच्या नवऱ्याने पार्टिशनला भोक पाडून वायरी पलीकडे नेल्या आणि कॅबिनेट, ज्याला घरात सगळे ‘सीपीयू’ म्हणतात, ते आबांच्या पायाशी एका स्टुलावर ठेवलं. मानसीला कामात पंख्याचा आवाज नको आणि आबांना तो घोंघो आवाज आवडायचा. घरात कुणीतरी आहे असं त्यांना वाटायचं, म्हणे.

पहिल्या खेपेला साफसूफ करून रेंडर लावला. शंभर. झकास. खाली उतरून रिक्षात बसतोय तोवर फोन.

“काका, परत अठ्ठावीस.”

दुसऱ्या खेपेला, म्हणजे आदल्या दिवशी, मी तयारीनिशी गेलो. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा थंड करणारा पंखा यांच्यामध्ये एक मलम असतं, थर्मल पेस्ट. ते सुकलं की प्रोसेसर तापतो आणि जिवाच्या भीतीने आपला वेग कमी करतो. पेस्ट नवीन लावली. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, तोही दुकानातला चांगला आणून बदलला. वरच्या जाळीचे स्क्रू गंजलेले दिसले. पावसाळा, त्यात भांडुपची ओल, असं म्हणून तेही बदलून टाकले. त्या गंजाकडे मी अजून थोडं बघायला हवं होतं. पण माझं डोकं टेम्परेचरमध्ये अडकलेलं. अठ्ठावीसवर अडकलेला असतानासुद्धा प्रोसेसरचं टेम्परेचर रिमोटवर नॉर्मल दिसत होतं. तापलेला नाही, तरी घाबरलेला. हे कसं?

मी काम करताना आबा कॉटवरून टक लावून बघत होते. एकदा त्यांनी डाव्या हाताने कॅबिनेटकडे बोट केलं आणि काहीतरी बोलले. शब्द स्पष्ट नव्हते.

“काय म्हणतायत?” मी माईंना विचारलं.

“काही नाही हो, त्यांचं आपलं चालू असतं. तुम्ही चहा घ्या ना, गार होईल.”

घर मात्र आरशासारखं लख्ख. आजारी माणसाचं घर वाटू नये इतकं. आबांची चादर पांढरी स्वच्छ, कुठे बोळा नाही, बादली नाही, डेटॉलचा तेवढा वास. मी मनात म्हटलं, या बाईने कमाल केली आहे. तसं बोलूनही दाखवलं. माई लाजल्या.

तर अशी ती दुसरी खेप. आणि आता गुरुवारी सकाळी मी दुकानात बसून परत अठ्ठावीस बघत होतो.

“एक काम कर,” मी म्हटलं. “व्हिडिओ कॉल लाव आणि मला सीपीयू दाखव. बघू दे पंखे फिरतायत का.”

“थांबा हं, आबांचं आवरायचं चाललंय. माईंना विचारते.”

पार्टिशनपलीकडे थोडी हालचाल ऐकू आली. पाचेक मिनिटांनी कॉल लागला. कॅबिनेट दिसलं. सगळे पंखे गरगर फिरत होते. आणि अजून थोड्या वेळाने, मी आणि मानसी बोलत असतानाच, आकडा चढायला लागला. पन्नास. ऐंशी. शंभर.

“काका! काय केलंत?”

“काहीही नाही केलं.”

“मग फोनवर तुमचा चेहरा बघितला त्याने.”

ती हसली, पण मला हसू येईना. उलट चिडचिड झाली. उद्या शुक्रवार. मी बघितलं की चालतो, नाही बघितलं की बसतो. मी काय आता उद्या पाचपर्यंत व्हिडिओ कॉल लावून बसू? आणि तसं केलं तरी खात्री काय?

मग मी व्होल्टेजवर आलो. बिघाड नेमका दिवसा व्हायचा, रात्री नाही. दिवसा बिल्डिंगमध्ये मोटारी, लिफ्ट, पिठाच्या गिरण्या चालतात. व्होल्टेज पडत असेल. तसं झालं तर मशीन बंद पडते, हळू होत नाही, हे मला शिकवायला कुणाची गरज नव्हती. पण बुडत्याला काडी हवी होती. स्टॅबिलायझर आणि मल्टिमीटर बॅगेत टाकून मी शुक्रवारी सकाळी घराबाहेर पडलो.

शुक्रवारी आधी भांडुपलाच एका दवाखान्यात प्रिंटरचा कॉल होता. तिथे गेलो तर डॉक्टरच आलेले नाहीत, दवाखाना बंद. मानसीला फोन लावला, बिझी. परत लावला, बिझी. केतनभाई तिला झाडत असणार. म्हटलं, चला, तसेच वर जाऊ. आतापर्यंत प्रत्येक वेळी मी निघताना फोन करायचो, गेटवर पोचल्यावर करायचो. कुणाच्या घरी न सांगता जायचं नाही, हे आमच्या आईने लहानपणी कानाला धरून शिकवलेलं. त्या दिवशी तेवढं राहिलं.

बेल वाजवली. माईंनी दार उघडलं आणि मला बघून त्यांचा चेहराच उतरला.

“अगंबाई! साटम! तुम्ही… फोन नाही केलात?”

“फोन लागत नव्हता. मानसी आहे ना?”

“आहे ना, फोनवर आहे. तुम्ही बसा ना इथे. दोन मिनिटं बसा. मी जरा आतलं आवरते.”

“आवरायचं काय त्यात, मी काय पाहुणा आहे का?” असं म्हणत, फोनवर बोलत पाठमोऱ्या बसलेल्या मानसीच्या मागून मी सवयीने सरळ पार्टिशनच्या पलीकडे गेलो.

“अहो थांबा, थांबा!”

कॅबिनेट दिसतच नव्हतं. त्याच्यावर कपड्यांचा ढीग होता. ढीग म्हणजे नीट पसरलेल्या घड्या. जुन्या धोतराचे, जुन्या सुती लुगड्याचे कापलेले चौकोनी तुकडे, एकावर एक, वर, बाजूला, मागून लोंबणारे. आबांच्या खाली घालायची फडकी. ओली. मी हात लावला. वरची गार, खालची चांगली ऊन. इस्त्री फिरवल्यासारखी ऊब. आबा माझ्याकडे बघून परत डाव्या हाताने तिकडेच बोट दाखवत होते.

आता सगळं डोक्यात लख्ख झालं. कॅबिनेटमधली गरम हवा वरच्या जाळीतून बाहेर जाते. जाळीच्या अगदी खाली मदरबोर्डवर प्रोसेसरला वीज मोजून देणारे छोटे भाग असतात. त्यांना स्वतःचा पंखा नाही, वर जाणाऱ्या हवेवरच ते थंड राहतात. जाळी बंद झाली की ते तापतात आणि प्रोसेसरला निरोप देतात, बाबा रे, हळू घे, आम्ही जळतोय. प्रोसेसर मुकाट हळू होतो. स्वतः हळू झाल्यामुळे गारच राहतो. मी आपला त्याचंच टेम्परेचर बघत बसलो होतो. आणि गंज ओल्या कपड्यांचा होता, भांडुपच्या हवेचा नाही.

“मानसी!” मी ओरडलो. “फोन ठेव! आकडा किती?”

पलीकडून आवाज आला, “काका? तुम्ही कधी आलात?”

“आकडा सांग!”

“अठ्ठावीस!”

मी एक फडकं उचललं. दुसरं उचललं. भराभर सगळी उचलून कॉटवर टाकली. जाळीतून भट्टीसारखी हवा तोंडावर आली. “बोलत राहा,” मी म्हटलं.

“अठ्ठावीस… अठ्ठावीस… तीस.”

माई माझ्याशेजारी उभ्या होत्या. पदर तोंडाशी धरलेला.

“बेचाळीस. काका, वाढतंय! एकसष्ट!”

माईंना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण आकडे कळत होते. मी फडकी उचलली आणि आकडे वाढले, हे त्यांना माझ्याइतकंच स्पष्ट कळलं.

“शंभर!” मानसी ओरडली. “शंभरला गेलं!”

खरं सांगतो, आधी मला भयंकर राग आला. चार दिवस माझी झोप उडवली, पेस्ट काय, डबा काय, आणि कारण काय, तर वाळत घातलेली फडकी! त्यातून विजेच्या वस्तूवर ओला कपडा, म्हणजे जिवाशीच खेळ. तोंडातून काहीतरी लागट निघणारच होतं, तेवढ्यात माई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “तिला सांगू नका हो. मीच तिच्या नोकरीच्या मुळावर उठले होते म्हणजे.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. वाईटच वाटलं एकदम.

“माई, पण तुम्ही मी येणार म्हटलं की हे काढून ठेवायचात?”

“मग? बाहेरचा पुरुष माणूस घरात येणार आणि ह्यांची फडकी अशी समोर? त्यांना कसं वाटेल? ते बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, साटम. कडक इस्त्रीशिवाय घराबाहेर पडले नाहीत कधी.”

पार्टिशनचा पडदा सरकला. मानसी उभी होती. तिने किती ऐकलं मला माहीत नाही. तिने कॉटवरच्या फडक्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“काय झालं होतं, काका?”

चाळीस-एक कारणं तोंडाशी येऊन गेली. सेन्सर सटकला होता, वायर सैल होती, काहीही चाललं असतं. पण माईच बोलल्या.

“माझ्यामुळे झालं, मानसी. यांची फडकी मी त्याच्यावर वाळत घालत होते. पाऊस सुरू झाल्यापासून. ग्रिलला घातली तर भिजतात, घरात घातली तर दोन-दोन दिवस दमट. दमट घातलं की यांची कातडी जाते. ते डायपर यांना सहन होत नाहीत. तो सीपीयू गरम हवा सोडतो, तासाभरात खडखडीत होतात. मला वाटलं, फुकट जाणारी हवा आहे.”

“मला रोज दिसत होती ती तिथे, डोक्यातच नाही आलं. पण माई, हॉलमध्ये दोरी होती ना आपली? आडवी? ती तुम्हीच काढलीत.”

“ती तुझ्या मागेच यायची ना. तुझं ऑफिस सुरू झालं, रोज तो कॅमेरा. तुझे साहेब बघणार, मागे सासऱ्यांची फडकी लटकतायत. बरं दिसतं का ते? तुझीच मान खाली गेली असती.”

मी खाली वाकून उगाच जाळीचे स्क्रू बघत राहिलो, ते मीच परवा बदललेले होते. आबांनी ‘हां’ असा आवाज काढला. हे सगळं ते पहिल्या दिवसापासून मला सांगत होते, आणि ऐकणारा कुणी नव्हता.

वेळ कुठे होता पण? साडेअकरा होऊन गेले होते. सेटमधले निम्मे दागिने बाकी. मी कॅबिनेट उचलून पलीकडे मानसीच्या पायाशी, टेबलाखाली ठेवलं, तिला आवाज नको असला तरी. वायरी ओढून घेतल्या. रेंडर एकामागोमाग एक लावले. शंभर, शंभर, शंभर. एकदाही आकडा हलला नाही. तरी मी काही निघालो नाही. माझा विश्वासच उडाला होता, मी निघालो की काय होईल सांगता येत नाही. माईंनी जेवायला वाढलं. मी टेबलाकडे एक डोळा ठेवून जेवलो.

दुपारी माई आबांचं धुणं बादलीत घेऊन उभ्या राहिल्या. पिळलेली फडकी. कुठे घालू, असं विचारायचीही चोरी झालेली. मानसीने ते बघितलं. ती उठली, माळ्यावरून दोरी काढली, खुर्चीवर चढून एक टोक खिडकीच्या खिळ्याला आणि दुसरं पार्टिशनच्या कडीला बांधलं. बरोबर तिच्या खुर्चीमागून, भिंतीभर. मग बादलीतली फडकी एकेक झटकून दोरीवर घातली. टेबल फॅन त्यांच्या दिशेने फिरवला.

“अगं, चारला तुझी मीटिंग आहे,” माई म्हणाल्या.

“माहितीये.”

चार वाजता मीटिंग लागली. मी कॅमेऱ्याच्या बाजूला, दिसणार नाही असा, भिंतीला टेकून उभा. माई पार्टिशनच्या आत. स्क्रीनवर केतनभाई, आणि मरोळच्या ऑफिसातली आणखी चार-सहा तोंडं. मानसीने कॅमेरा चालू केला. तिच्या मागे ओळीने आबांची फडकी पंख्याच्या वाऱ्यावर हलत होती.

केतनभाई बोलता बोलता थांबले.

“मानसी, ते मागे काय लटकवलंय?”

“सासऱ्यांच्या अंथरुणातले कपडे आहेत, सर. पावसात वाळत नाहीत. आता रोज इथेच असतील.”

मला वाटलं, गेलं. आता हा माणूस काहीतरी बोलणार आणि ही पोर उठून निघून जाणार. पडद्याआड माईंचा श्वास मला ऐकू येत होता.

“अच्छा,” केतनभाई म्हणाले. “रेंडर किती झाले?”

“दोन बाकी. पाचच्या आत देते.”

“दे.”

झालं. एवढंच. पाचच्या आधी फाइल गेली. बायरने काय म्हटलं मला माहीत नाही, पण सोमवारी मानसी भांडुपलाच होती आणि आजही आहे. दोन दिवसांनी केतनभाईंनी मला विचारलं, “नेमका फॉल्ट काय होता?” मी म्हटलं, “हवा अडली होती.” त्यांनी आणखी खोदून विचारलं नाही. त्यांनाही ती दोरी दिसली होती.

माझ्यापुरतं म्हणाल तर एक सवय बदलली. हल्ली असा येता-जाता होणारा बिघाड असला की मी बॅग उघडायच्या आधी विचारतो, “मी येणार म्हणून काय काय आवरलंत?” लोक म्हणतात, “छे हो, काही नाही.” काहींना राग येतो. मग मी खुर्ची ओढून बसतो आणि सांगतो, “जे उचललंत ते होतं तिथे परत ठेवा. तोवर मी चहा घेतो.”